वाट चुकली, बेट सापडलं: युरोपीय दर्यावर्दींच्या अपघाती शोधांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेत "कोलंबसाने अमेरिकेचा शोध लावला" एवढं वाक्य पाठ केलं की गुण मिळायचे. तो निघाला होता कुठे, पोचला कुठे आणि आपण कुठे पोचलो हे त्याला मरेपर्यंत का उमगलं नाही, हे विचारायची सोय नव्हती. गावातल्या वाचनालयात मी अधूनमधून या विषयावर बोलतो. चहा येईपर्यंत श्रोते गप्प असतात, कप हातात आले की प्रश्न सुटतात. त्यातले हमखास येणारे इथे उतरवले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, त्याला इलाज नाही.

ही बेटं खरंच चुकून सापडली, की नंतर रंगवलेल्या गोष्टी आहेत?

मराठीत यासाठी दोन फार सोयीचे प्रयोग आहेत: शोध लावणं आणि शोध लागणं. लावायला माणूस लागतो, लागतो तो आपसूक. पंधराव्या-सोळाव्या शतकात युरोपीयांना जी बेटं मिळाली, त्यातल्या बऱ्याचशांचा शोध 'लागला'.

मदेराजवळचं पोर्तो सान्तो घ्या. १४१८च्या सुमारास झार्कू आणि तेइशेरा हे दोघे पोर्तुगीज आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे निघाले होते. वादळाने त्यांना भर समुद्रात भिरकावलं आणि बुडायच्या ऐवजी एका बेटाचा आडोसा मिळाला. म्हणून नाव 'पवित्र बंदर'. तिथून नैऋत्येला क्षितिजावर ढगांचा एक काळा पुंजका कायम दिसायचा, हलायचाच नाही. त्या ढगाखाली मदेरा होतं.

गंमत म्हणजे चौदाव्या शतकातल्या काही नकाशांवर ही बेटं आधीच काढलेली आहेत. म्हणजे त्याआधीही कुणाला तरी ती लागली होती, पण लागून पुन्हा हरवली. हे 'पुन्हा हरवणं' या विषयात सारखं भेटतं.

समुद्र एवढा अफाट. मग जहाजं नेमकी बेटांवरच कशी जाऊन थडकली?

शिडाचं जहाज समुद्रात वाटेल तिथे जात नाही, वारा नेईल तिथे जातं. आणि वाऱ्याच्या वाटा ठरलेल्या असतात.

उत्तर अटलांटिकमध्ये व्यापारी वारे ईशान्येकडून वाहतात, दक्षिणेत आग्नेयेकडून. दोन्हींच्या मध्ये, विषुववृत्तापाशी, शांत पट्टा आहे. तिथे शिडं दोरीवर टाकलेल्या ओल्या धोतरासारखी लोंबत राहतात. विषुववृत्तापासून लांब, चाळीस अंशांच्या आसपास, पश्चिमेकडून येणारे जोरकस वारे. आफ्रिकेच्या किनाऱ्याने खाली उतरणाऱ्या पोर्तुगीजांना लवकरच कळलं की किनारा धरून परत यावं तर वारा सतत तोंडावर येतो. त्यापेक्षा आधी वायव्येला, भर समुद्रात घुसायचं, बरंच वर जाऊन पश्चिमी वारे पकडायचे आणि मग लिस्बनकडे वळायचं. घरी पोचायचं तर आधी घराला पाठ दाखवायची. या वळशाला ते 'व्होल्ता दु मार' म्हणत, म्हणजे समुद्राचा फेरा. अझोरेस बेटं या फेऱ्यावरच आहेत.

पुढे हिंदुस्थानची वाट खुली झाली तेव्हा हाच फेरा दक्षिण अटलांटिकमध्ये उलटा मारला गेला. जाताना केप व्हर्द बेटांनंतर नैऋत्येकडे मोठं वळण, मग पश्चिमी वारे धरून आफ्रिकेच्या टोकाखालून पूर्वेला. या वळणाच्या अंगावर ब्राझील लागलं (१५००), त्रिस्तांव दा कून्या लागलं (१५०६). येताना आफ्रिकेचं टोक ओलांडलं की आग्नेय वारे जहाजाला सरळ वायव्येला ढकलतात, आणि त्या वाटेच्या जवळजवळ मधोमध सेंट हेलेना उभं आहे. वाऱ्याच्या वाटा नकाशावर काढा आणि 'चुकून' सापडलेली बेटं त्यावर टिंबांनी मांडा. बरीचशी टिंबं त्या वाटांवर किंवा त्यांच्या कडेला पडतील.

वाऱ्याचं एवढं काय घेऊन बसलात? जहाज वल्हवता येत नव्हतं का?

शेकडो टनांचं, तोफा आणि पिंपांनी भरलेलं जहाज वल्ह्यांनी नाही हलत. वारा म्हणजे काय ते कळण्यासाठी आपल्याच समुद्रातलं उदाहरण पुरेसं आहे. वास्को द गामा १४९८च्या एप्रिलमध्ये आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मालिंदीहून निघाला. सोबत तिथला जाणता वाटाड्या होता आणि मागून मोसमी वाऱ्यांची सुरुवात. तीन-साडेतीन आठवड्यांत तो कालिकतजवळ पोचला. परतताना मात्र कुणाचं न ऐकता ऑक्टोबरच्या सुरुवातीला अंजदीवाहून निघाला. (कारवारसमोरचं हे बेट आज गोव्यात मोडतं.) तोच समुद्र ओलांडायला जवळजवळ तीन महिने लागले. हिरड्या सुजून, पाय काळेनिळे पडून, स्कर्व्ही या क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगाने तीसेक माणसं वाटेतच गेली. शेवटी एकेका जहाजावर काम करण्याजोगे सात-आठच जण उरले.

आपल्या कोकणात कोणत्याही तांडेलाला विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं की पाऊस सरल्यावर वारा पडतो, आफ्रिकेकडे जायचं तर अजून थांब.

कोलंबसाचं गणित नेमकं कुठे चुकलं?

पृथ्वी गोल आहे की सपाट, हा वाद नव्हताच. शिकलेल्यांना ती गोल आहे हे ठाऊक होतं. वाद होता ती केवढी आहे, म्हणजे पश्चिमेकडून आशिया किती लांब पडेल, याचा. एका अरबी खगोलज्ञाने दिलेलं अंशाचं माप कोलंबसाने घेतलं, पण त्यातला अरबी मैल त्याने आखूड इटालियन मैल समजून मोजला. त्यात आशिया खंड भलताच पूर्वेकडे ताणला. परिणामी कॅनरी बेटांपासून जपान त्याच्या हिशेबी सुमारे ४,४०० किलोमीटरवर आलं. खरं अंतर वीस हजारांच्या घरात आहे. त्याला विरोध करणारे पंडित बरोबर होते आणि तो चूक होता. मध्ये अमेरिका आडवी आली म्हणून वाचला.

१२ ऑक्टोबर १४९२च्या पहाटे दोनच्या सुमारास 'पिंता' जहाजावरच्या रोद्रिगो दे त्रियाना नावाच्या खलाशाने जमीन पहिल्यांदा पाहिली. जो आधी पाहील त्याला वर्षाला दहा हजार मारावेदींचा (स्पॅनिश नाण्यांचा) तनखा मिळणार होता. कोलंबस म्हणाला, आदल्या रात्री मी उजेड पाहिला होता. तनखा त्यानेच खाल्ला.

ब्राझीलसुद्धा चुकूनच लागलं ना?

यावर अजून भांडतात. पेद्रू आल्व्हारिश काब्राल ९ मार्च १५०० रोजी लिस्बनहून तेरा जहाजं घेऊन निघाला तो कालिकतला जायला. २१ एप्रिलला समुद्रात लांब गवतासारख्या शेवाळाच्या जुड्या दिसल्या, दुसऱ्या दिवशी सकाळी पक्षी, आणि संध्याकाळी डोंगर. एक बाजू म्हणते, वाऱ्याच्या वळणात जरा जास्त पश्चिमेला सरकला. दुसरी बाजू म्हणते, १४९४च्या स्पेनबरोबरच्या तोर्देसिल्यास तहात पोर्तुगालने नव्या मुलखांच्या वाटणीची रेषा केप व्हर्दच्या पश्चिमेला ३७० लीगांवर (लीग हे अंतराचं जुनं माप) सरकवून घेतली होती, तेव्हा तिकडे काहीतरी आहे याचा वास त्यांना आधीच होता. मला स्वतःला पहिली बाजू जास्त पटते, कारण राजाला लिहिलेल्या पत्रात कुठेच मुद्दाम शोधायला गेल्याचा सूर नाही.

ते पत्र लिहिलं ताफ्यावरच्या पेरू व्हाज द कामिन्या या कारकुनाने. त्यातला एक प्रसंग विसरता येत नाही. किनाऱ्यावरच्या दोन माणसांना जहाजावर आणलं. पोपट दाखवला, तो त्यांनी ओळखीचा असल्यासारखा हातावर घेतला. मेंढा दाखवला, त्यांनी लक्षच दिलं नाही. मग कोंबडी दाखवली, तर दोघं दचकले, हात लावायला तयार होईनात. पत्राखालचा पत्ता आहे 'व्हेरा क्रूझ बेट'. खंडाला त्यांनी बेट समजलं होतं.

या बेटाने आपल्या ताटात काय काय घातलं ते सांगायलाच हवं: काजू आणि अननस, दोन्ही तिथले, आणि दोन्ही शब्द तिथल्या तुपी भाषेतून पोर्तुगीजांच्या तोंडून आपल्याकडे आलेले.

जमीन जवळ आली हे आधी कशावरून कळायचं?

हर्णैला मासेमारीच्या होडीत उभं राहिलात तर क्षितिज फार लांब नसतं, जेमतेम सहा-सात किलोमीटर. डोलकाठीवर, पाण्यापासून पंचवीस मीटर उंच चढलेल्या माणसाला अठरा किलोमीटरपर्यंत दिसतं. म्हणून टेहळ्या वर. पण समोरची जमीनही उंच असेल तर दोन्ही उंच्या एकमेकींना मदत करतात. सेंट हेलेनाचं शिखर आठशे मीटरांहून थोडं उंच, म्हणजे कळसूबाईच्या निम्मं. स्वच्छ हवेत ते डोलकाठीवरून सुमारे १२० किलोमीटरवरून दिसू शकतं. उलट प्रवाळाचं सपाट बेट, माडांसकट, तीसेक किलोमीटरवर आल्याशिवाय दिसत नाही, आणि रात्री तर जहाज त्यावर चढल्यावरच कळतं. ज्वालामुखीची उंच बेटं आधी सापडली आणि चपटी मागे राहिली, त्यामागे हेही एक कारण.

बाकी खुणा म्हणजे जागचा न हलणारा ढग, वाहत आलेली फांदी, संध्याकाळी एकाच दिशेला परतणारे पक्षी. कोलंबसाने ७ ऑक्टोबरला पक्षी पाहूनच दिशा बदलली होती. या विद्येत पॉलिनेशियाचे दर्यावर्दी युरोपीयांच्या कितीतरी पुढे होते; लाटांच्या लयीवरूनही ते आडचं बेट ओळखत.

बेट सापडलं की नकाशावर टाकायचं, संपलं. यात अवघड काय?

सगळं अवघड तेच. अक्षांश काढता येत होता: रात्री ध्रुवतारा, दुपारी सूर्य, हातात त्यांची उंची मोजायचं ॲस्ट्रोलॅब. डुलत्या जहाजावर एखाद्या अंशाची चूक व्हायची, पण काम भागायचं. रेखांश मात्र काढता येत नव्हता. त्यासाठी निघाल्या गावची अचूक वेळ जहाजावर कळायला हवी, आणि तसं घड्याळ जॉन हॅरिसनने बनवून समुद्रावर तपासलं गेलं ते थेट १७६१ मध्ये. तोवर अंदाजपंचे: वेग किती, दिशा कोणती, किती वेळ चाललो. वेळ मोजायला अर्ध्या तासाचं वाळूचं घड्याळ, आणि ते उलटं करायला जहाजावरची पोरं. पोरगं पेंगलं की रेखांश गेला.

याचा सगळ्यात करुण बळी म्हणजे आल्व्हारो दे मेंदान्या. पेरूहून निघालेल्या या स्पॅनिश माणसाला १५६८ मध्ये पॅसिफिकमध्ये सॉलोमन बेटं सापडली. वसाहत करायला परत यायचं म्हणून त्याने सत्तावीस वर्षं दरबारात खेटे घातले. १५९५ मध्ये बायकामुलांसकट चार जहाजं घेऊन निघाला आणि आपलंच बेट त्याला सापडेना. वाटेत मार्केसास लागलं, पुढे सांता क्रूझ लागलं, तिथे तो तापाने मेला. सॉलोमन बेटांमधलं ग्वादलकनाल तिथून पश्चिमेला काही शे किलोमीटरवर होतं. पुढची पावणेदोनशे वर्षं कुठल्याही युरोपीयाला ती बेटं पुन्हा सापडली नाहीत. १७६७ मध्ये फिलिप कार्टरेट तिथे पोचला, तेव्हा त्यालाही कळलं नाही की हीच ती.

दक्षिण अटलांटिकमधल्या बूव्हे बेटाचीही तीच गत. १ जानेवारी १७३९ रोजी बूव्हे द लोझियेला धुक्यात ते दिसलं. त्याला वाटलं, दक्षिणेला असावा असं मानत त्या खंडाचं टोक. जागा चुकीची नोंदवली. कॅप्टन कुकने शोधलं, मिळालं नाही. पुन्हा दिसलं १८०८ मध्ये.

आणि जी बेटं नव्हतीच, पण नकाशावर होती?

ढगाला, हिमनगाला, तरंगत्या ज्वालामुखी दगडांच्या राशीला बेट समजून नोंदवलेली अशी पुष्कळ आहेत. एकदा छापील नकाशावर आलं की पुढचा नकाशावाला ते खोडायला घाबरतो; समजा असलंच आणि जहाज आपटलं तर? ऑस्ट्रेलिया आणि न्यू कॅलेडोनियाच्या मधलं 'सँडी आयलंड' तर इंटरनेटवरच्या नकाशांतही होतं. नोव्हेंबर २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियन संशोधकांचं जहाज मुद्दाम त्या जागेवरून गेलं. खाली हजार मीटरांहून जास्त खोल पाणी.

सगळ्यात निव्वळ अपघाताने सापडलेलं बेट कोणतं?

माझं मत गॅलापागोसला. इथे वादळसुद्धा नव्हतं. वाराच नव्हता.

पनामाचा बिशप तोमास दे बेर्लांगा फेब्रुवारी १५३५ मध्ये पेरूला निघाला. तिथे पेरू जिंकणाऱ्या पिझारो आणि अल्माग्रो यांचं वाटणीवरून बिनसलं होतं आणि स्पेनच्या राजाने बिशपला मिटवायला पाठवलं होतं. दक्षिणेला जाताना वारा पडला. सहा दिवस जहाज नुसतं प्रवाहाबरोबर पश्चिमेला वाहत गेलं, आणि १० मार्चला किनाऱ्यापासून सुमारे हजार किलोमीटर आत बेटं दिसली. जहाजावर दोनच दिवसांचं पाणी उरलं होतं.

पहिल्या बेटावर पाणी मिळालं नाही. मिळाली ती कासवं, माणसाला पाठीवर घेऊन चालतील एवढी मोठी, आणि सापासारखे दिसणारे घोरपडीएवढे सरडे. दुसऱ्या बेटावर विहीर खणली. पाणी लागलं ते समुद्राहून खारं. शेवटी माणसं निवडुंगाची पानं चावून, पिळून रस काढायला लागली. बिशपने राजाला लिहिलंय की तो रस राखेच्या सोड्यासारखा दिसायचा आणि लोक तो गुलाबपाण्यासारखा प्यायचे. रविवार उजाडला, त्याने किनाऱ्यावर प्रार्थना केली, मग माणसं दोन-दोन तीन-तीनच्या टोळीने पांगली, आणि एका घळीत गोडं पाणी सापडलं. तोवर दोन माणसं आणि दहा घोडे गेले होते.

पक्षी एवढे भोळे की हातांनी धरता येत होते, उडायचं हेच त्यांना ठाऊक नव्हतं. जमिनीबद्दल तो म्हणतो, देवाने कधीतरी इथे दगडांचा पाऊस पाडलेला दिसतो. बेटांना त्याने नावसुद्धा दिलं नाही. निरुपयोगी जागा म्हणून सोडून दिली. पुढे तीनशे वर्षांनी चार्ल्स डार्विन तिथे उतरला आणि त्याच भोळ्या पक्ष्यांकडे बघत बसला.

ईस्टर, ख्रिसमस, असेन्शन... ही काय नावं झाली?

आपल्याकडे सोमवारी जन्मला तो सोम्या आणि मंगळवारी जन्मला तो मंगळ्या, तसंच. डच रोखेव्हेन ५ एप्रिल १७२२ला, ईस्टरच्या रविवारी पोचला, म्हणून ईस्टर बेट. विल्यम मायनर्स २५ डिसेंबर १६४३ला बाजूने गेला, म्हणून ख्रिसमस. कॅरिबियनमधलं डोमिनिका रविवारी दिसलं. नाव हीच तारखेची नोंद.

सेंट हेलेनाची तारीख मात्र या नावामुळेच अडचणीत आली. पुस्तकांत २१ मे १५०२ असते. पण २१ मे हा संत हेलेनाचा दिवस पूर्वेकडच्या चर्चचा. कॅथलिक पोर्तुगीजांचा १८ ऑगस्ट. आणि ज्याला ते बेट लागलं त्या जुआंव दा नोव्हाचा ताफा सप्टेंबरात लिस्बनला पोचलासुद्धा होता, १८ ऑगस्टपासून एवढ्या दिवसांत तिथून पोचणं शक्य नव्हतं. म्हणून काही अभ्यासक ३ मे धरतात. त्या दिवशी हेलेनाला ख्रिस्ताचा क्रूस सापडल्याचा सण असे.

तिथे आधीच माणसं राहत होती, तर 'शोध' कसला?

रास्त प्रश्न. हवाई, ताहिती, ईस्टर, मादागास्कर, कॅनरी, कॅरिबियन, सगळीकडे माणसं होती. तिथे युरोपीयांनी लावलेला शोध म्हणजे पाहुण्याने घराचा लावलेला शोध. रोखेव्हेनच्या माणसांनी ईस्टर बेटावर उतरल्या दिवशीच गोळ्या झाडून दहा-बारा जण मारले. ग्वानाहानीच्या, म्हणजे कोलंबस पहिल्यांदा उतरला त्या बेटाच्या, ज्या लोकांनी कोलंबसाचं स्वागत केलं, त्या लुकायन लोकांची बेटं पुढच्या काही दशकांत गुलामांच्या धरपकडीने आणि रोगराईने ओस पडली.

मदेरा, अझोरेस, केप व्हर्द, सेंट हेलेना, असेन्शन, त्रिस्तांव दा कून्या, बर्म्युडा, मॉरिशस इथे मात्र युरोपीय पोचले तेव्हा वस्ती नव्हती. तरी मॉरिशसची माहिती अरबांना आधीच होती: १५०२च्या कांतिनो नकाशावर मॉरिशस, रियुनियन आणि रॉड्रिग्ज यांची नावं 'दीना'ने सुरू होणारी, अरबी वळणाची आहेत.

या सगळ्याचा गोव्याशी काही संबंध?

आहे, आणि अंगावर काटा आणणारा आहे.

पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कने २५ नोव्हेंबर १५१० रोजी गोवा जिंकलं आणि काही महिन्यांनी तो मलाक्क्याला गेला. मागे राहिलेल्या शिपायांपैकी काही जण आदिलशाही फौजेला जाऊन मिळाले, मुसलमान झाले. त्यात फेर्नांव लोपिश होता. १५१२ मध्ये आल्बुकर्क परतला आणि त्याने बाणस्तारीचा कोट वेढला. आज गोव्यात बाजारासाठी आणि पुलासाठी ठाऊक असलेली हीच बाणस्तारी. आदिलशाही सरदार रसूलखानाने तह करताना अट घातली की या फितुरांना जिवे मारायचं नाही. आल्बुकर्कने शब्द पाळला. जिवे मारलं नाही. नाक, कान, उजवा हात आणि डाव्या हाताचा अंगठा कापला. बरेच जण त्यातच मेले. लोपिश जगला.

आल्बुकर्क १५१५च्या डिसेंबरमध्ये मेला, त्यानंतर लोपिश घरी जायला लिस्बनच्या जहाजावर चढला. वाटेत पाण्यासाठी जहाज सेंट हेलेनाला थांबलं. जहाज निघायच्या वेळी हा सापडेना. रानात लपला होता. अशा तोंडाने बायकोमुलांपुढे जाण्यापेक्षा निर्मनुष्य बेट बरं. खलाशांनी त्याच्यासाठी बिस्किटांचं पिंप, सुकं मांस, मासे, मीठ आणि थोडे जुने कपडे किनाऱ्यावर ठेवले. एक अंगठा-नसलेला हात घेऊन तो तिथे राहिला.

पुढच्या वेळी एक जहाज येऊन गेलं, तेव्हा त्यावरचा एक कोंबडा लाटेत पडला. लोपिशने तो बाहेर काढला, वाळवला, भात भरवला. दिवसा तो कोंबडा त्याच्या मागे मागे फिरायचा आणि रात्री त्याच्याजवळच निजायचा. जहाज आलं की लोपिश लपे. गेलं की खलाशांनी ठेवलेलं घेऊन जाई. हळूहळू ते त्याच्यासाठी बी-बियाणं, फळझाडांची रोपं, बदकं, कोंबड्या, शेळ्या ठेवू लागले. कालांतराने हिंदुस्थानहून परतणाऱ्या जहाजांना त्या बेटावर लिंबं आणि डाळिंबं मिळू लागली, त्यात त्याच्या एकाच हाताचा वाटा मोठा.

दहाएक वर्षांनी राजाने त्याला बोलावून घेतलं. तो लिस्बनला गेला, रोमला पोपच्या पायाशी गेला, त्याला क्षमा मिळाली. कुठे राहायचंय विचारलं तर म्हणाला, बेटावर. तिथेच १५४५च्या सुमारास तो वारला.

ताफ्यांचा एकमेकांशी निरोप कसा चालायचा?

कधी कधी चपलेतून. जुआंव दा नोव्हा १५०१ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या एका उपसागरात पाणी भरायला थांबला, तिथे झाडाला एक जुना बूट टांगलेला होता. आत पत्र: आदल्या वर्षीच्या ताफ्यातल्या एका कप्तानाने पुढच्यांना लिहिलेलं, की कालिकतमध्ये बिनसलंय, जपून जा.

सापडल्यानंतर त्या बेटांचं काय झालं?

बहुतेक ठिकाणी वाईट. पोर्तो सान्तोवर पहिल्या वसाहतवाल्यांनी एक गाभण ससीण सोडली. दोन-चार वर्षांत सशांनी शेतात काही उगवू दिलं नाही आणि माणसं कंटाळून मदेराला गेली. त्या बेटाचा अधिकारी पेरेस्त्रेलो, आणि त्याचा जावई कोण, तर कोलंबस. सेंट हेलेनावर पुढच्या जहाजांना मांस मिळावं म्हणून शेळ्या सोडल्या. त्यांनी जंगलाची कोवळी रोपं शतकानुशतकं कुरतडली. तिथलं 'सेंट हेलेना ऑलिव्ह' नावाचं झाड जगात आणखी कुठेच नव्हतं. त्याचं शेवटचं रोप २००३ मध्ये गेलं.

मॉरिशसला डच १५९८ मध्ये उतरले. न घाबरणारा, न उडणारा डोडो सत्तरएक वर्षांत संपला. जितका खलाशांनी खाल्ला त्याहून जास्त त्यांच्या जहाजांतून उतरलेल्या डुकरांनी, माकडांनी आणि उंदरांनी त्याची अंडी खाल्ली. डच गेले, फ्रेंच आले, इंग्रज आले, आणि उसाच्या मळ्यांसाठी १८३४ पासून करारावर हिंदुस्थानी मजूर उतरू लागले. त्यात आपल्या कोकणातलीही माणसं होती. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटाच्या पायऱ्या चढून गेलेल्या त्या मराठी घरांतून आजही गणपती बसतो, आणि गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते.

ऑस्ट्रेलिया पण असाच?

बराचसा पश्चिम किनारा, हो. डच कप्तान ब्राउवरने १६११ मध्ये दाखवून दिलं की आफ्रिकेच्या टोकाहून सरळ पूर्वेला पश्चिमी वाऱ्यांवर धावायचं आणि मग डावीकडे जावाला वळायचं. निम्मा वेळ वाचतो. पण वळायचं नेमकं कुठे? पुन्हा तोच रेखांश. जो उशिरा वळला तो ऑस्ट्रेलियावर. डर्क हार्टोख २५ ऑक्टोबर १६१६ला असाच पोचला आणि एक कथलाची ताटली ठोकून त्यावर तारीख कोरून गेला. ती ताटली आज ॲमस्टरडॅमच्या संग्रहालयात आहे. १६२९ मध्ये 'बटाव्हिया' हे जहाज त्याच चुकीने खडकांवर फुटलं. वाचलेल्यांपैकी शंभराहून जास्त जणांना त्यांच्यातल्याच एका टोळीने मारलं.

आता उपग्रह आहेत. आज एखादं बेट असं चुकून सापडू शकतं का?

जुलै २०२१ मध्ये सापडलं होतं. ग्रीनलंडच्या उत्तरेला कोपनहेगन विद्यापीठाचे संशोधक हेलिकॉप्टरने ऊडाक या बेटावर नमुने घ्यायला गेले. उतरले, नमुने घेतले, फोटो काढले. परतल्यावर कळलं की ते ऊडाक नव्हतंच. त्याहून सुमारे पाऊण किलोमीटर वर, तीस बाय साठ मीटरचा चिखल-गोट्यांचा तुकडा. जगातलं सगळ्यात उत्तरेचं बेट म्हणून जगभर बातम्या झाल्या. पुढच्या वर्षी मोजमाप करायला माणसं पुन्हा गेली आणि त्यांनी खालचं पाणी मोजलं. तो अंगावर माती-गोटे घेऊन तळाला टेकलेला हिमनग होता.